मध्यंतराआधीचा ‘दि एन्ड’

जर्मनीत वाल्डॉर्फला असताना मी एका डीव्हीडी कंपनीला साडेचार पानांचं संतापलेलं पत्र लिहिलं होतं. त्या पत्राला उत्तर आलं नसतं, तर आमच्या घरात मी आजही सिनेमातला जाणकार म्हणून ओळखला गेलो असतो.

तसा मी एकाच सिनेमातला जाणकार. पण एका का होईना, होतो! सिनेमाचं नाव ‘फोर नेल्स फॉर अ डोअर’. म्हणजे दाराला चार खिळे. इटालियन वेस्टर्न. गोष्ट अमेरिकेतली, वाळवंट स्पेनमधलं आणि गोळी लागल्यावर ओरडायचं इटालियनमध्ये, असा तो प्रकार. तुम्ही हे नाव ऐकलं नसणार. कोणीच ऐकलेलं नाही. म्हणून तर मी जाणकार!

हा सिनेमा मी सांगलीला इंजिनिअरिंगला असताना एका रविवारी सकाळी मिरजेच्या टॉकीजला पाहिला. (त्या टॉकीजला रविवारी सकाळी इंग्रजी सिनेमे लागत. आम्ही सहा मित्र सांगलीहून मिरजेपर्यंत सायकली हाणत जायचो. इंग्रजी सुधारावं म्हणून.) त्या दिवशी खेळ पाऊण तास उशिरा सुरू झाला. पोरांनी शिट्ट्या मारून टॉकीज डोक्यावर घेतलं. बाजूच्या दाराशी सफारी घातलेले एक गृहस्थ उभे होते. ते सबंध सिनेमाभर एकदाही बसले नाहीत आणि पडद्यावरची नजर त्यांनी हलवली नाही. अंधारात चेहरा दिसत नव्हता, पण मला बरं वाटलं. म्हटलं, चला, आपल्याखेरीज आणखी एक रसिक आहे.

आता गोष्ट ऐका. जो नावाचा एक दाढीवाला सुतार असतो. चार गुंड भाऊ त्याच्या घराचं दार बाहेरून चार खिळे ठोकून बंद करतात आणि घर पेटवून देतात. बायको जाते. जो राखेतून ते चार खिळे वेचून घेतो आणि सूड घ्यायला निघतो. इथपर्यंत काय, कोणीही लिहील. पण पुढे? पुढे दाढी अचानक गायब, आणि तो डायरेक्ट मरतो! मध्यंतराच्या आधी! त्याला पुरतात, क्रॉसला तेच चार खिळे ठोकतात, व्हायोलिन वाजतं आणि पडद्यावर चक्क पाटी येते, ‘दि एन्ड’!

मग मध्यंतर. वडापाव.

आणि मध्यंतरानंतर तोच जो घोड्यावरून येतो! दाढी अजून गायबच! भराभर चारही भावांना मारतो. ते मेले म्हणून आपण सुस्कारा सोडतो, तर पुढच्या प्रसंगात चौघे जिवंत, पत्ते खेळताहेत! आणि जोला दाढी परत आलेली! शेवटी तो न्हाव्याच्या दुकानात शिरतो, खुर्चीत बसतो. न्हावी वस्तरा उचलतो. जो आरशात बघत एवढंच म्हणतो, “लीव्ह द डोअर ओपन.” दार उघडंच असू दे. आणि संपला सिनेमा! पाटी नाही, गाणं नाही, दिवे लागले!

मी खुर्चीला खिळलो होतो. माणूस मेल्यावर काळ उलटा चालतो, हे त्या दिग्दर्शकाने एका दाढीतून दाखवलं होतं! मेलेले शत्रू पुन्हा जिवंत होतात, काढलेली दाढी परत येते, आणि शेवटी आत्मा काय मागतो, तर उघडं दार! वेदान्तच की हा! एका गुंडाच्या मनगटावर मला घड्याळ दिसलं होतं. त्या काळात मनगटी घड्याळ कुठलं? पण मी ओळखलं, काळ! काळाचं प्रतीक! वाळवंटात मागे विजेचा खांबही दिसला होता. त्याचाही अर्थ मी पुढे दोन वर्षांत लावला.

बाहेर आल्यावर आमच्या सहांतला दिग्या म्हणाला, “अरे, रिळं उलटीसुलटी लावली असतील त्यांनी.”

दिग्याशी मी डिग्री मिळेपर्यंत बोललो नाही.

पुढे मेधाला बघायला गेलो, तेव्हा तिच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, विचारलं, “छंद वगैरे?” अण्णा सरकारी नोकरीतले, महाराष्ट्रभर बदल्या झालेले, चेहऱ्यावर कायम ‘अर्ज अपूर्ण आहे’ असा भाव. मी म्हटलं, “सिनेमा.” सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग गैरसमज नको म्हणून मी ‘दाराला चार खिळे’ सविस्तर सांगितला. पोहे गार झाले. मेधाच्या आईने दोनदा चहा गरम केला. अण्णा मात्र लक्ष देऊन ऐकत होते. ‘दि एन्ड’ मध्यंतराच्या आधी येतो म्हटल्यावर ते पुढे सरकून बसले.

“कुठे पाहिलात म्हणालात?”

“मिरजेला.”

“रविवार सकाळचा खेळ का?”

“हो! तुम्हाला कसं कळलं?”

“अंदाज,” अण्णा म्हणाले आणि होकार आला.

तेव्हापासून माझी एकच इच्छा होती. अण्णांनी आयुष्यात एकदा तरी, मेधाच्या देखत, मला जाणकार म्हणावं. मी नोकरी बदलली, जर्मनीत आलो, सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीडर झालो. अण्णा फोनवर दर वेळी “बरं” म्हणायचे. बरं! माणसाने एव्हरेस्टवरून फोन केला तरी हा माणूस “बरं” म्हणणार आणि तिकडे थंडी आहे का विचारणार.

आणि मग एका शनिवारी, दुकानातल्या स्वस्त डीव्हीडींच्या टोपलीत मला जोचा चेहरा दिसला! तोच सुतार, तेच खिळे! फक्त नाव वेगळं होतं. जर्मन लोकांनी सिनेमाचं नाव ठेवलं होतं, ‘ग्रिंगो, दार लाव!’

मला तिथेच संताप यायला हवा होता. पण आनंदात मी तो पुढे ढकलला. कारण अण्णा त्याच आठवड्यात तीन महिन्यांसाठी पुण्याहून आमच्याकडे आले होते. दैवयोग म्हणतात तो हाच! रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी अण्णांना मधल्या सोफ्यावर बसवलं, मेधाला स्वयंपाकघरातून ओढून आणलं, आमच्या सात वर्षांच्या रेवाला जमिनीवर बसवलं आणि सिनेमाआधी वीस मिनिटं प्रास्ताविक केलं.

“दाढीकडे लक्ष ठेवा,” मी म्हटलं. “सगळं दाढीत आहे.”

“बरं,” अण्णा म्हणाले.

सिनेमा सुरू झाला आणि पाचव्या मिनिटाला माझ्या कानशिलात रक्त चढायला लागलं. मूळ सिनेमात जो मोजून दहा-बारा वाक्यं बोलतो. तेच तर त्याचं सामर्थ्य! इथे तो बडबडत होता! घर पेटलंय, आणि हा पाठमोरा उभा राहून जर्मनमध्ये विनोद करतोय! ओठ दिसत नाहीत अशी जागा सापडली की डबिंगवाल्यांनी तिथे एक कोटी घुसवली होती. घोडा मेला तर घोड्याच्या तोंडीसुद्धा एक वाक्य!

“काय म्हणाला?” अण्णांनी विचारलं.

“काही नाही! तो घोडा आहे!”

“मग रेवा का हसतेय?”

“रेवा, हसू नकोस! ही शोकांतिका आहे!”

“आबर एस इस्ट डॉख लुस्टिश, बाबा!” रेवा म्हणाली. म्हणजे, पण मजेशीर आहे की! पोटची पोरगी!

मी टीव्हीवर ओरडलो. अपमान सहन होईना, म्हणून जरा मोठ्यानेच ओरडलो. तेवढ्यात बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे हेर, म्हणजे श्रीयुत, बिंडर. रविवारी वरच्या घरात कोणी खुर्ची सरकवली तरी घड्याळ बघत वर येणारा माणूस. त्यांनी एक बोट वर केलं, “झोनटाग्सरूहऽ...” म्हणजे रविवारची शांतता, एवढंच म्हणाले आणि त्यांची नजर टीव्हीकडे गेली.

“आख! ग्रिंगो, दार लाव!”

आणि बूट काढून हा गृहस्थ थेट अण्णांच्या शेजारी जाऊन बसला! लहानपणी मानहाइमच्या थिएटरात त्यांनी हा सिनेमा अकरा वेळा पाहिला होता. सगळे संवाद तोंडपाठ! जो बोलायच्या आधी हेर बिंडर बोलायचे आणि स्वतःच मांडीवर थाप मारून हसायचे. ते हसले की रेवा हसायची, रेवा हसली की मेधा. अण्णांना जर्मनचं अक्षर कळत नव्हतं, पण तेही शेंगदाणे खाता खाता खांदे हलवत होते. मी एकटा घरात सुतकात बसल्यासारखा बसलो होतो.

“दा! आर्मबांडऊअर!” हेर बिंडर ओरडले. गुंडाचं मनगटी घड्याळ! “डबिंगवाले याला पुढे विचारतात, किती वाजले? हा हा हा!”

“ते प्रतीक आहे,” मी म्हटलं.

“नाईन, नाईन. प्रतीक नाही, ते घड्याळ आहे.”

ठीक आहे, म्हटलं. बडबड सहन करू. खरा सिनेमा मध्यावर सुरू होतो. मी सरसावून बसलो. “आता बघा हं अण्णा, आता मरेल... आता ‘दि एन्ड’ येईल...”

आणि समोर आलं न्हाव्याचं दुकान! मध्यावरच! जो खुर्चीत बसला, न्हाव्याने वस्तरा उचलला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाक्य तरी शाबूत ठेवलं असेल! दार उघडंच असू दे! जोने आरशात बघितलं, आणि हेर बिंडर, जो आणि रेवा (हो, रेवासुद्धा! पोरीने अंदाजाने!) एका सुरात म्हणाले,

“ट्यूर त्सू, एस त्सीट!”

दार लाव, वारं येतंय!

हे वाक्य आमच्या ऑफिसात दिवसातून चाळीस वेळा ऐकू येतं. कोणी मीटिंगरूममध्ये शिरलं की ट्यूर त्सू. बसमध्ये ट्यूर त्सू. सबंध देश वाऱ्याच्या झुळकीला घाबरतो, हे मी समजू शकतो. पण एका आत्म्याने मागितलेला मोक्ष, त्याचं तुम्ही ‘वारं येतंय’ करता? आणि वर अर्थ उलटा? उघडं ठेव म्हणतोय तो! उघडं!

मी उभा राहिलो होतो बहुतेक. मेधा म्हणाली, “अरे, खाली बस. अण्णांना दिसत नाहीये.”

त्यानंतर सगळं सरळ चाललं. म्हणजे सरळ रेषेत! दाढी काढली, भाऊ मारले, शेवटी स्वतः मेला, पुरला, ‘एन्डऽ’. काळ उलटा नाही, आत्मा नाही, काही नाही. एका सुताराने चार माणसं मारली आणि मेला. हेर बिंडर डोळे पुसत उठले, अण्णांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला आणि गेले.

“यांनी कापून जोडलाय! वाट लावली सिनेमाची!” मी म्हटलं.

अण्णा शेंगदाण्यांची सालं गोळा करत होते. “तो न्हावी,” ते हळूच म्हणाले, “इथे आहे होय.” आणि दुपारची झोप काढायला आत गेले.

त्याच दुपारी मी पत्र लिहायला बसलो. साडेचार पानं, जर्मनमध्ये! शब्दकोश घेऊन! माझी एकेक वाक्यं अशी लांब होती की क्रियापद गाठेपर्यंत मला स्वतःला पान उलटावं लागत होतं. मूळ कलाकृतीचा क्रम, ‘दि एन्ड’ची मध्यंतरापूर्वीची योजना, दाढीचं परत येणं, सगळं मुद्देसूद मांडलं. शेवटचा भाग मध्ये, मधला भाग शेवटी, ही भारतात दाखवलेली अस्सल आवृत्ती आहे. ती दडवून ठेवण्याचा तुम्हाला काय अधिकार? खाली लिहिलं, मैत्रीपूर्ण शुभेच्छांसह. (जर्मन पत्राच्या शेवटी ते लिहावंच लागतं. मी दात ओठ खाऊन लिहिलं.)

मेधाने वाचून विचारलं, “हे पाठवणार आहेस?”

“रजिस्टर्ड!”

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. मी ते जेवणाच्या टेबलावर, अण्णांच्या समोर, उभं राहून मोठ्याने मराठीत वाचलं. कारण पहिल्या दोन ओळींतच मला कळलं होतं की माझा दिवस आला आहे. कंपनीतल्या एका बाईंनी लिहिलं होतं, तुमचं पत्र आम्ही रोमला सिनेमाच्या मालकांकडे पाठवलं. मूळ संकलक आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांनी कळवलंय की असा क्रम आम्ही कधीच लावला नव्हता. पण पत्र ऐकून ते म्हणाले, सिनेमा साधारणच होता, त्यात नेमकं हेच हवं होतं. आम्हाला सुचलं नाही. भारतात हे ज्या कलावंताला सुचलं, त्याचं नाव कृपया कळवावं. नव्या आवृत्तीत त्याचा उल्लेख करायची त्यांची इच्छा आहे.

“बघितलंत?” मी कागद टेबलावर आपटला. “प्रत्यक्ष रोमहून! मी वीस वर्षं हेच सांगतोय! मिरजेत कोणीतरी प्रतिभावंत होता!”

मेधाने चक्क टाळ्या वाजवल्या. मी अण्णांकडे बघितलं. आता म्हणा, म्हटलं. आता तरी म्हणा.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“जावईबापू, ते डबे मी भरले होते.”

“कसले डबे?”

“रिळांचे. मी तेव्हा मिरजेला तहसील कचेरीत होतो. थिएटरांच्या परवान्यांचं टेबल माझ्याकडे. त्या टॉकीजची तक्रार आली होती. रविवारी सकाळी इंग्रजी सिनेमाच्या मध्येच दुसऱ्याच सिनेमांचे तुकडे घुसवतात म्हणून. कसले, ते सांगत नाही. रेवा बसलीय.”

मी हळूच खुर्चीत बसलो.

“खेळाआधी मी वर ऑपरेटरच्या खोलीत गेलो,” अण्णा शांतपणे भात कालवत म्हणाले. “सगळे डबे उघडायला लावले. एकेक रीळ उजेडात धरून बघितलं, मिळाले ते तुकडे काढून घेतले. पाऊण तास गेला त्यात. खाली पोरं शिट्ट्या मारत होती. मग घाईत रिळं डब्यांत मीच टाकली. तीन नंबरच्यात पाच, पाचच्यात तीन. ऑपरेटर काही बोलला नाही. बहुधा मला घाबरला असेल. खेळ सुरू झाल्यावर माझ्या लक्षात आलं. पण सरकारी माणसाने चूक झाली म्हणायचं कसं? म्हणून दाराशी उभा राहिलो. म्हटलं, कोणी तक्रार केलीच तर बघू.”

“सफारी...” माझ्या तोंडून निघालं.

“राखाडी. अजून आहे पुण्याला.”

“म्हणजे मी मेधाला बघायला आलो त्याच दिवशी तुम्हाला माहीत होतं?”

“‘दि एन्ड’ मध्यंतराआधी आला, तो खेळ एकच. पुढच्या रविवारी त्यांनी सरळ लावला.”

“आणि इतकी वर्षं बोलला नाहीत?” आता मात्र माझा संताप अनावर झाला. “मी लोकांना सांगत फिरलो! दिग्याशी बोलणं टाकलं! रोमला पत्र गेलं! अहो अण्णा, एका शब्दाने सांगायचंत!”

“तुम्ही इतक्या आवडीने सांगत होता. आणि खरं सांगायचं, तर माझ्या कामाचं एवढं कौतुक नोकरीत कोणी केलं नव्हतं.” अण्णांनी ताक घेतलं. “नाव नीट कळवा हं त्यांना. पुढे निवृत्त नायब तहसीलदार लिहा.”

मेधा एवढा वेळ हिशेब जुळवत होती. तिने सावकाश माझ्याकडे मान वळवली. “म्हणजे रविवारी सकाळी तुम्ही सहा जण सायकलवरून मिरजेला...”

“इंग्रजी,” मी म्हटलं. “इंग्रजी सुधारायला.”

“अण्णा! तुम्हाला माहीत होतं हा कसल्या खेळाला गेला होता, आणि तरी तुम्ही हो म्हणालात?”

“म्हणून तर म्हणालो,” अण्णा म्हणाले. “दोनशे पोरं त्या दिवशी निराश होऊन शिव्या देत बाहेर पडली. त्या तसल्या खेळाला जाऊन ज्याला एकट्याला वेदान्त दिसला, तो मुलगा निरुपद्रवी असणार. पोरीच्या बापाला अजून काय हवं?”

निरुपद्रवी! इतकी वर्षं मी ‘जाणकार’ या शब्दाची वाट बघितली, आणि मिळालं हे! मेधा टेबलावर डोकं ठेवून हसायला लागली. मी ताडकन उठलो, बाल्कनीचं दार उघडलं आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. पाठ करून! जोसारखा! जून उजाडला असला तरी बाहेर बोचरं वारं सुटलं होतं, आणि मी स्वेटर घातला नव्हता. पण अपमानाची धग पुरेशी होती. कोणीतरी येऊन समजूत काढेल म्हणून मी दार उघडंच ठेवलं होतं.

आतून अण्णांचा आवाज आला. पाच-सहा आठवड्यांत शिकलेलं त्यांचं एकमेव जर्मन वाक्य, उच्चार हेर बिंडरांचे.

“ट्यूर त्सू, जावईबापू! एस त्सीट!”

मी संतापाने दार बाहेरून ओढून घेतलं. ते वाऱ्याने परत उघडू नये म्हणून अण्णांनी आतून मूठ फिरवली आणि ते नेहमीप्रमाणे झोपायला गेले. मेधा हात धुवायला, रेवा खाली हेर बिंडरांना सगळी गोष्ट सांगायला. जर्मन बाल्कनीच्या दाराला मूठ फक्त आतल्या बाजूने असते, हे मला तेव्हा आठवलं. आणि निरुपद्रवी माणसाने काच नेमकी किती जोरात वाजवावी, याचा विचार करत मी पुढची वीस मिनिटं तिथे उभा होतो.